टॉमीचं वजन कोण वाढवतं?

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणं हे पशुवैद्यांचं काम. पण मधुमेहाच्या पेशंटशी खाण्यापिण्याबद्दल बोलताना घरातल्या प्राण्याचा विषय बरेचदा निघतो, आणि तो लठ्ठ का झाला याचं उत्तर बहुधा त्याच घरात असतं.

सत्तरीतले एक काका माझ्याकडे येतात. काकू गेल्यापासून घरात ते आणि त्यांचा लॅब्रॅडॉर टॉमी, दोघंच. मधुमेहामुळे काकांची चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं बंद झाली, ती टॉमीकडे वळली. "मला बंद केलीत, त्याला तरी खाऊ द्या. तेवढाच त्याला आनंद," असं ते म्हणायचे. टॉमी ४१ किलोंवर गेला. जिन्यात मध्येच बसू लागला. त्याला उचलणं काकांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून दोघांचंही संध्याकाळचं फिरणं थांबलं. मग काकांचीही साखर वाढली.

लॅब्रॅडॉर खादाड असतो, यात त्याचा दोष नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल आढळला. पण भूक कितीही असली तरी कुत्रा स्वतः फ्रिज उघडत नाही. ताटली आपणच भरतो.

कमी खायला घालणं म्हणजे हाल करणं, असं अनेकांना वाटतं. २००२ साली प्रसिद्ध झालेला ४८ लॅब्रॅडॉरचा अभ्यास वेगळं सांगतो. त्यातल्या निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. ती कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली.

आपला प्राणी लठ्ठ आहे का, हे घरीच पाहता येतं. छातीच्या बाजूंवरून हलका हात फिरवा. फासळ्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे.

काय करायचं?

पहिलं म्हणजे पशुवैद्यांना दाखवा. कुत्र्यांमध्ये थायरॉइड कमी असल्यानेही वजन वाढतं. नसबंदीनंतर अन्नाची गरज कमी होते, तेव्हा किती द्यायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

दुसरं, दिवसाचं अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढा. आजी, नातू, कामवाल्या मावशी, ज्यांना काही द्यायचं असेल त्यांनी त्याच डब्यातून द्यावं. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. कुत्र्याला बिस्किटाऐवजी काकडी किंवा गाजराचा तुकडा चालतो. द्राक्षं, मनुका, कांदा आणि चॉकलेट मात्र अजिबात देऊ नका, ती विषारी ठरतात.

तिसरं, घाई नको. आठवड्याला वजनाच्या एक टक्का घट पुरे.

मांजराच्या बाबतीत तर विशेष जपा. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवलं तर काही दिवसांतच यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर "बरं झालं, बारीक होईल" म्हणू नका, लगेच पशुवैद्यांना फोन करा. वाटी दिवसभर भरून ठेवण्याऐवजी मोजलेलं अन्न थोडं थोडं चार-पाच वेळा द्या.

टॉमी सात महिन्यांत ३५ किलोंवर आला. चहाच्या वेळी काका त्याला आता काकडी देतात, आणि तोही तितकीच शेपटी हलवतो. त्याला बिस्किटापेक्षा काकांच्या हातचं काहीतरी हवं होतं.

मांजर किंवा छोटा कुत्रा मोजायला वेगळा काटा लागत नाही. त्याला कडेवर घेऊन घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. प्राण्याचा आकडा पशुवैद्यांना दाखवा, आणि तुमचा मला.