ब्रेक मागे, उजेड पुढे

ब्रेक दाबला की गाडीच्या मागे तांबडा दिवा लागतो, यापलीकडे गाडीच्या दिव्यांबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. आमच्या पिकअपचा ब्रेक दाबला की पुढे डॅशबोर्डवरचे आकडे उजळत. पुढचे पार्किंगचे छोटे दिवेही मिणमिणत. मागे अंधार. हेडलाइट लावून ठेवले तर मागे जरा धुगधुगी यायची, पण तेवढ्यात ब्रेक दाबला की तीही जायची. डावा इंडिकेटर लावला की उजवीकडचा दिवा त्याच्या तालावर उघडझाप करी. आत्याबाईंनी एका संध्याकाळी हा सगळा खेळ पाहिला आणि गाडीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. माझ्याकडे त्याहून बरा उपाय नव्हता.

गाडी तशी कापसाची. पण मामाजींच्या मनात कधीपासून नर्मदा परिक्रमा होती. पायी परिक्रमेची जुनी रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. मामाजींचे गुडघे तीन फर्लांगांनाही तयार नव्हते. म्हणून गाडीने जायचं ठरलं. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की निघायचं, ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, आणि मैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्राकडे. वाटेत लॉज शोधत बसण्यापेक्षा पिकअपच्या डाल्यावर खोलीच बसवून घेतली. चौकोनी पाइपची चौकट, तिला प्लायवूड, वर ताडपत्री. आत दोन फळ्या झोपायला, शेगडी, पाण्याचा ड्रम. चालत्या गाडीत माणसं पुढे केबिनमध्येच बसणार, खोली फक्त मुक्कामाला. परत आलो की बोल्ट काढून ती उतरवायची आणि पुन्हा कापूस भरायचा, असा भाऊजींचा हिशेब.

खोली डाल्यापेक्षा मागे हातभर लांब झाली आणि तिच्या झडपेआड गाडीचे मूळचे दिवे झाकले गेले. मग खोलीच्याच मागच्या बाजूला नवे दिवे लावले. गाडीपासून त्यांच्यापर्यंत वीज न्यायला ट्रॉलीला असतो तसा सात पिनांचा प्लग आणि केबल. ती केबल भाऊजींनी पूर्णाकाठच्या एका गावातून, जुन्या ट्रॉलीवरून काढलेली, स्वस्तात आणली होती. हे केबलचं लक्षात ठेवा.

भाऊजी गाडी झोकात चालवतात, पण वायर दिसली की दोन पावलं मागे. हे पुण्याला नोकरीवर. राहिले मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मते हे काम माझंच होतं. सेल, बल्ब, दोन वायरी, स्विच. फळ्यावर ते चित्र मी डोळे मिटून काढते. मोठ्या आत्मविश्वासाने डाव्या दिव्याची काच उघडली, आणि इंडिकेटरच्या बल्बला येणारी वायर एकच.

दुसरी कुठे? प्लायवूडच्या मागे पाहिलं, ताडपत्री उचलून पाहिलं. पोरांना ‘परिपथ पूर्ण झाल्याशिवाय दिवा लागत नाही’ असं घोकून घेणारी मी, मागे उकिडवी बसून अर्ध्याच परिपथाकडे बघत होते. ब्रेकच्या बल्बला दोन वायरी होत्या खऱ्या, पण चाचपत गेले तर दोन्ही वीज आणणाऱ्याच निघाल्या. त्या बल्बच्या पोटात दोन तारा असतात: एक २१ वॅटची, ब्रेकसाठी, दुसरी ५ वॅटची, रात्री सतत जळणाऱ्या दिव्यासाठी. बल्बच्या कडेच्या दोन खुंट्याही एका पातळीवर नसतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. ही युक्ती मला फार आवडली. पण बल्ब नवे आणले तरी मागचा अंधार तसाच. फ्यूज काढून उजेडाकडे धरले, सगळे शाबूत.

शेवटी गाडी वरवट बकालला नेली. कार्तिकात तिथल्या वायरिंगवाल्याकडे नंबर लागणं सोपं नाही. कापूस वेचणीचे दिवस, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. त्यातले बहुतेक बॅटरी नाहीतर स्टार्टरसाठी आलेले. मागचा दिवा दुरुस्त करून घ्यायला आलेली ट्रॉली मला तरी दिसली नाही. शेगाव रस्त्याला अंधार पडल्यावर समोर अचानक कापसाचा काळा डोंगर उभा राहतो, त्याचं कारण त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

वायरिंगवाले काका साठीचे. त्यांनी बल्बला हातही लावला नाही. एका जुन्या होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला दिवा काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसला चिमटवलं, दुसरं आमच्या दिव्याच्या ब्रेकच्या वायरीला टेकवलं, म्हणाले, “दाबा बरं मॅडम ब्रेक.” मी दाबला. त्यांचा दिवा लख्ख. म्हणजे वीज मागपर्यंत पोचत होती.

“करंट येऊन राह्यला,” काका म्हणाले. “पण वापस कुठून जाईन? याले अर्थिंगच भेटून नाही राह्यलं.”

मग वायरीचा एक तुकडा घेऊन त्यांनी त्याचं एक टोक चेसिसच्या बोल्टला आणि दुसरं दिव्याच्या पत्र्याला धरलं. मी ब्रेक दाबला, मागे तांबडं लख्ख. तुकडा काढला, अंधार. पुन्हा लावला, पुन्हा लख्ख. रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानेही मान डोलावली.

गाडीत दुसरी वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच ती असतो. बॅटरीचा मायनस सांगाड्याला बांधलेला, प्रत्येक दिव्याचा पत्राही सांगाड्याला टेकलेला, वीज लोखंडातून घरी परतते. आमची खोली मात्र खडखडू नये म्हणून भाऊजींनी रबराच्या पट्ट्यांवर बसवली होती, आणि पाइपला रेड ऑक्साइडचा जाड थर. बोल्टही रबरी वॉशरातून गेलेले. म्हणजे खोलीच्या सगळ्या दिव्यांचा परतीचा रस्ता एकच उरला: त्या सात पिनांपैकी एक पिन.

ती पिन नीट काम देत नसेल तर वीज काय करते, ते काकांनी बोट फिरवत दाखवलं. मला तर तो सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुरेख भाग वाटला. ब्रेकच्या तारेतून आलेली वीज दिव्याच्या पत्र्यात येऊन अडते. तिथून तिला एकच चोरवाट दिसते, त्याच बल्बची ५ वॅटची तार. तिच्यातून ती उलटी पार्किंगच्या वायरीत शिरते, वायरीवाटे पुढे येते, आणि पुढच्या छोट्या दिव्यांतून, डॅशबोर्डच्या बल्बांतून सांगाड्यात उतरते. एवढ्या बल्बांतून गाळत गेल्यावर कोणीच धड जळत नाही. हेडलाइट लावलेले असले की पार्किंगच्या वायरीतच १२ व्होल्ट उभे. ब्रेक दाबला की ती चोरवाटही बंद, म्हणून सगळं गप्प. आत्याबाईंना हे घरी येऊन समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे अडलंच होतं ना काहीतरी.”

दोष कुठे आहे ते शोधायला काकांनी मीटर माझ्याच हातात दिला. एक सुई बॅटरीच्या मायनसवर, एक दिव्याच्या पत्र्यावर, ब्रेक दाबलेला. परतीचा रस्ता धड असेल तर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. मीटर आठच्या वर. तीच सुई प्लगच्या गाडीकडच्या बाजूला, सॉकेटच्या अर्थच्या पिनेला लावली तर शून्य. म्हणजे घोळ मधल्या केबलमध्ये.

काकांनी केबल सोलली. वरचं रबर धड. आतली अर्थची वायर चिरली तर तांबं तांब्याच्या रंगाचं नव्हतंच. न घासलेल्या ताम्हणासारखं हिरवं-काळं. वायर दोन बोटांत वाकवली तर तिचे केस तुटून भुगा झाला. आणखी वर चिरलं, तिथेही हिरवं.

“कोनत्या गावची हाय ही?” त्यांनी विचारलं. गावाचं नाव ऐकून ते हसले. आमच्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात बोअरला खारं पाणी लागतं. ते पिकाला सोसत नाही, माणसालाही नाही. त्याच पाण्याने ट्रॉली धुतात. प्लगच्या तोंडातून मिठाचं पाणी आत गेलं की वायरीच्या बारीक केसांमधून, रबराच्या आतल्या आत, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते चढत जातं. प्लग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला तरी आतला रोग तसाच.

उपाय मग फार वेळाचा नव्हता. नवी केबल. शिवाय खोलीच्या चौकटीपासून चेसिसपर्यंत एक वेगळी जाड वायर, दोन्ही टोकांना थिंबल दाबून, बोल्टाखालचा रंग घासून लोखंड उघडं करून, वरून ग्रीस. रंग मीच घासला. शाळेत परिपथाचं चित्र काढताना आता मी परतीची वायर आधी काढते, हा त्या रंग घासण्याचाच परिणाम असावा.

डावा इंडिकेटर त्यानंतरही घाईघाईने लुकलुकायचा. त्या बाजूला एलईडी बसवलेला होता. तो इतकी कमी वीज खातो की जुन्या फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं. एलईडीला चालणारा फ्लॅशर टाकला, प्रश्न मिटला.

भाऊजींनी खोलीला पुढून तांबड्या-निळ्या दिव्यांची माळ लावली होती, ती काकांनी स्वतःहून कापून हातात दिली. मोटार वाहन नियमांत पुढे तांबडा दिवा चालत नाही. भाऊजींचं तोंड पडलं. मला मात्र ते पटलं. घाटात समोरून येणाऱ्याला गाडीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे रंगावरूनच कळतं. माळेच्या जागी पांढऱ्या आणि मागे तांबड्या चमकत्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांना ना वायर लागते, ना अर्थिंग.

मंडळी निघाली ती भल्या पहाटे, जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडून बुऱ्हाणपूरच्या रस्त्याने. दुपारी भाऊजींचा फोन आला. दिवे सगळे व्यवस्थित आहेत, फक्त खोलीतला पंखा फिरत नाही. मी विचारलं, “त्याला वायरी किती आहेत?”

“दोन.”

“दुसरी कुठे जाते ते बघा आधी,” मी म्हटलं. ती चौकटीला बांधायची राहूनच गेली होती.