डावीकडे ओढणारी पिकअप

आमच्या ऑफिसमध्ये एक शब्द फार लाडका आहे, 'वर्कअराउंड'. म्हणजे बिघाड तसाच ठेवायचा आणि त्याच्या बाजूने वाट काढायची. दोन महिन्यांनी तो बिघाड होता हेच सगळे विसरतात. ज्याला ठाऊक असतं तो एकच माणूस, आणि तो नेमका सुट्टीवर असतो :)

हा प्रकार फक्त सॉफ्टवेअरमध्येच चालतो असा माझा समज नव्हताच, पण त्याचं इतकं अस्सल उदाहरण शहापूर तालुक्यात, मामाकडे बघायला मिळालं. मामाची पांढरी पिकअप. दादा (मामेभाऊ) रोज पहाटे तिच्यात भाजी भरून किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत कल्याणच्या मार्केटला जातो. कधी आळेफाट्याकडचा माल असला की माळशेज घाट. तर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. दादाचा उपाय काय? ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी स्टिअरिंग किंचित उजवीकडे. "अरे, हाताला सवय झालीय आता." आणि पुढच्या सोमवारपासून गाडी धाकटा चालवणार होता. त्याला लायसन्स मिळून जेमतेम महिना झालेला. दादाच्या हातातली सवय काही लायसन्सबरोबर मिळत नाही. त्यात पावसाळा, ओला घाट, डावीकडे दरी. मामी गप्प होती, पण जेवण वाढताना तिचं लक्ष आमच्या बोलण्याकडेच होतं.

एका गॅरेजने तोवर दोनदा अलाइनमेंट आणि डावीकडचे ब्रेक पॅड असं बिल लावलं होतं. डावीकडे ओढते म्हणजे बिघाड डावीकडे, असा सरळ हिशेब. पण ब्रेक न मारता गाडी नाकासमोर चालत होती, मग अलाइनमेंटवर पहिला संशय कशाला? आणि दोन चाकांपैकी जे जास्त जोरात धरतं, त्याच बाजूला गाडी वळते. म्हणजे डावं चाक आपलं काम नीट करत असेल आणि उजवंच कमी पडत असेल, हेही तितकंच शक्य.

शनिवारी दुपारी सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा डीबगिंगचा पहिला नियम. दोन्ही टायरची हवा सारखी केली. ओढ तशीच. पुढची दोन चाकं आपसात बदलली. तरी डावीकडेच. म्हणजे टायर सुटले.

मग एक चक्कर मारून आलो आणि रिमच्या जवळ हात नेऊन पाहिला (लावू नका, भाजेल). उजवं चाक जास्त गरम! आता आली का पंचाईत? कमी ब्रेक लागणारं चाक जास्त तापेल कसं?

उत्तर वेळेच्या क्रमात होतं. मोकळ्या रस्त्यावर दादाला तीसच्या वेगाने ब्रेक मारायला लावला, स्टिअरिंग हलकं धरून. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे. पाय काढला, की क्षणभर उजवीकडे! उजव्या चाकाला ब्रेक उशिरा लागत होता आणि उशिरा सुटत होता.

गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. मागच्या चाकांना दगड, पुढून जॅक, खाली लाकडी ठोकळे. उजवं चाक हाताने फिरत होतं. ब्रेक दाबून सोडला, चाक जाम. मिस्त्रींनी कॅलिपरचं निपल सैल केलं, ब्रेक ऑइलची छोटी पिचकारी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे पिस्टन अडकलेला नाही, दाब अडकलाय. निपल बंद करून पुन्हा दाबलं, सोडलं आणि या वेळी रबरी होजचं वरचं, लोखंडी पाइपकडचं टोक सैल केलं. चाक जामच! म्हणजे दाब होजच्या आतच कोंडलेला. होज बाहेरून ठणठणीत, पण आतून रबर फुगून भोक बारीक झालेलं. ऑइल कसंबसं जात होतं आणि परत यायला त्याहून कसंबसं.

दोन्ही बाजूंचे होज नवे, तापून चकाकलेले उजवे पॅड (आणि जोडीला डावेही) नवे, जुनं काळपट ब्रेक ऑइल काढून नवं, चारही चाकांची हवा काढली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली बसतं. म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलायचं असतं, हे मिस्त्रींनी दादाला बजावून सांगितलं.

संध्याकाळी दादाने ट्रायल घेतली. पहिलाच ब्रेक, आणि गाडी चक्क उजवीकडे! सगळे दचकलो. मिस्त्री मात्र हसायला लागले. गाडी सरळ झाली होती, दादाचे हात जुन्याच व्हर्जनवर होते. स्टिअरिंग अजून आधीच उजवीकडे वळत होतं.

मग धाकट्याला बसवलं. त्याला यातलं काहीच शिकायचं नव्हतं, काही विसरायचंही नव्हतं. त्याने ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली.