आग्रह फक्त जेवणाचा

आमच्या मडगावच्या बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं. नाताळ आणि नवीन वर्षाच्या मधल्या शनिवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, असं तीन वर्षांपासून चाललंय. पहिल्या वर्षी कुणी काय आणायचं ते ठरवलंच नव्हतं. तीन घरांतून पुलाव आला, दोन घरांतून गुलाबजाम आणि पोळी-भाकरी कुणाकडूनच नाही. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर आधी यादी होते. यंदा जेवण आमच्या घरी होतं.

आईला म्हटलं, "आपल्याकडे पॉटलक आहे." म्हणजे काय, ते समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे अंगतपंगतच की! मग एवढं इंग्रजी नाव कशाला?" बेळगावचं घर बंद करून ती दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. कुंदा तिकडूनच मागवायचा, हे तिनं लगेच ठरवून टाकलं.

यादी भरत गेली. पहिल्या मजल्यावरून खतखतं, धारवाडच्या कुटुंबाकडून ज्वारीच्या भाकरी आणि भरली वांगी, केरळच्या शेजाऱ्यांचं अवियल. शेवटी तळमजल्यावरच्या आंटींनी लिहिलं, 'सान्नां, सोरपोतेल आणि घरची वाइन.' तिथे मी अडले.

आमच्या घरात बाटली येत नाही. बाबा प्यायचे. मारहाण नव्हती, नोकरीही टिकली, पण पगाराच्या दिवशी आईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. मोरीत बाटली उपडी करून, पाणी सोडून उभी राहिलेली आई मला अजून आठवते. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी आणि माझा नवरा बाहेर जेवायला गेलो की कधीतरी एखादा ग्लास वाइन घेतो. चाळिशीला आले तरी हे मी आईला सांगितलं नव्हतं.

दोन सोपे मार्ग होते. वाइन आणू नका, असं आंटींना सांगायचं, किंवा दोन दिवस आईला दादाकडे पाठवायचं. दोन्ही जमेनात. चतुर्थीला आम्ही आंटींकडे नेवऱ्या देतो, ते ताट कधी रिकामं परत येत नाही. नाताळात दोदोल, बेबिंक त्यांच्याकडून येतं. तुमचं सगळं चालतं, फक्त हे चालत नाही, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आणि आईला तिच्याच घरातून बाहेर पाठवणं तर त्याहून वाईट.

शेवटी विचारलंच. आई मेथी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना पहिला पेला कुणी दिला, माहीत आहे? माझ्या माहेरी. माझ्या मामानं. जावईबापू, एकच घ्या, आमचा मान ठेवा. ते दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा घेतला. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा."

काय बोलावं मला सुचेना. मीही कधीकधी घेते, एवढंच तोंडातून निघालं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "येऊ दे बाटली. पण कुणाला घ्या-घ्या करायचं नाही. आग्रह करायचाय तो जेवणाचा करा, हवा तेवढा."

मग त्या हिशेबानं सगळं मांडलं. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची टेबलं वेगळी, प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. वाइन बाजूच्या छोट्या टेबलावर, ज्याला हवी त्यानं स्वतः ओतून घ्यायची. कोकम सरबतही तशाच ग्लासांत, म्हणजे कुणाच्या हातात काय आहे, याची चौकशी नको. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. मोठी माणसं पंधरा, म्हणून तीन बाटल्या पुरे, असं आंटींशी बोलून ठरवलं. जेवण वाढल्यावरच बाटल्या उघडायच्या, रिकाम्या पोटी नाही. गोव्यात कायद्यानं वय 21 लागतं, त्यामुळे कॉलेजातली मुलं सरबताच्या बाजूला. वास्कोहून येणाऱ्या दिरांना गाडी घरी ठेवून टॅक्सीनं यायला सांगितलं.

सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला एक मुलगा कोकम घेऊन कोपऱ्यात उभा होता. आमच्यातल्याच एका काकांनी त्याला धरलं. "गोव्यात राहतोस आणि वाइन नको? अरे, घरची आहे, एकच घे!" तो कसनुसा हसला. नको म्हणाला. काका ग्लास पुढे करतच राहिले.

"नको म्हणाला ना तो," सोफ्यावरून आईचा आवाज आला. "त्याला भाकरी वाढा. बघा, ताट रिकामं आहे."

क्षणभर सगळे गप्प. मग काकांनीच ग्लास खाली ठेवला आणि भाकरीची परडी उचलली. मुलगा शेवटपर्यंत थांबला. आईनं त्याला दोनदा कुंदा वाढला, तेव्हा त्याचं नको मात्र कुणी ऐकलं नाही.

नंतर पाहिलं तर आई आणि आंटी शेजारी बसून सान्नांबद्दल बोलत होत्या. आईला ती इडलीची बहीणच वाटली. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, आता यीस्ट घालतात, असं आंटींनी सांगितलं. आईनं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "बरं झालं, खाल्ल्यावर सांगितलंत," म्हणाली आणि उरलेला तुकडाही संपवला.

सकाळी उठले तेव्हा आईनं भांडी घासून पालथी घातली होती. एक बाटली अर्धी उरली होती. मोरीकडे माझी नजर गेलीच. बाटली ओट्यावर होती, बूच घट्ट बसवलेलं, शेजारी कुंद्याचा डबा.

"आंटींची आहे, देऊन ये," आई म्हणाली. "आणि तो डबाही ने. रिकाम्या हातानं जाऊ नको."