पटवारी आणि पीक

काकांच्या कामाचे पैसे मी पूर्ण दिले. त्यांनी रीतसर बिल केलं होतं, नव्या हार्ड डिस्कची किंमत वेगळी लावून. मी घासाघीस केली नाही आणि त्यांनी सूट दिली नाही. पैशाचं देणंघेणं असं तिथल्या तिथे मिटलं. मागे उरलं ते वेगळंच, आणि ते वाढतच गेलं.

नागपुरात महालात, बडकस चौकाच्या जवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, शाळांचे अहवाल, आणि दिवाळीच्या आधी एखाददुसरा अंक. त्याच गल्लीत काकांचं दुकान होतं. पाटीवर ‘यूपीएस व प्रिंटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं. त्यांचं आधीचं आयुष्य त्या पाटीत मावत नव्हतं. बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल 1984 मध्ये आला, आणि पुढच्या वर्षांत शाखाशाखांतून यंत्रं बसू लागली. त्यातल्या कितीतरी यंत्रांवर युनिक्स होतं. काका तेव्हा यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ असं एसटीनं फिरायचं, बॅगेत स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि फ्लॉप्यांचा डबा. शाखेतली वीज गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू होताना प्रश्न विचारायला लागायचं, आणि मागे मॅनेजर, त्याच्या मागे काउंटरवरची रांग. दहा मिनिटांत सुरू करा, असं सगळ्यांचं म्हणणं. काका पहिल्या फेरीत प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचे आणि प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे. अशा वह्या त्यांच्या दुकानात कपाटावर होत्या, रबरबँड लावून ठेवलेल्या.

लोडशेडिंगचे दिवस होते, आणि त्यात नवतपा. कुलरसुद्धा गरम हवा फेकत होता. माझा यूपीएस वीज गेल्यावर जेमतेम फाइल सेव्ह करण्याइतका टिकायचा, त्या दुपारी तेवढाही टिकला नाही. डिस्कवर एका निवृत्त शिक्षकांचा झाडीबोलीचा शब्दसंग्रह होता. भंडारा-गडचिरोलीकडच्या गावांत हिंडून त्यांनी पोस्टकार्डांच्या पाठीवर शब्द गोळा केलेले, आणि आम्ही ते अक्षरवार टाइप करत होतो. ‘न’ पर्यंतचा भाग फ्लॉप्यांवर होता. ‘प’ पासून पुढचं सगळं त्या डिस्कवर, आणि टाइप झालेली पोस्टकार्डं गुरुजींनी रद्दीत घातलेली.

वीज आली, विंडोज 98 सुरू होता होता स्कॅनडिस्कचा निळा पडदा आला. चूक सापडली आहे, खाली चौकोन: दुरुस्त करा, दुरुस्त करू नका. ओळखीचा एक मुलगा मदतीला आला होता आणि त्याचं बोट एंटरवर होतं. काका यूपीएस बघायला म्हणून आत आले होते.

“हात काढ. कीबोर्डवरून हात काढ पयले,” ते म्हणाले. “तो विचारून राह्यला म्हणून उत्तर द्यायलेच पाह्यजे, असं कुठं लिहिलं आहे?”

मुलगा म्हणाला, काका, हे दुरुस्तीचंच सॉफ्टवेअर आहे. त्यावर काकांनी जे सांगितलं, त्यावर मी पुढची सगळी वर्षं काम केलं.

“हे पाह्य. डिस्क म्हणजे जमीन आणि फॅट म्हणजे पटवाऱ्याचं दप्तर. कोणत्या फाइलचा तुकडा कोणत्या नंबरात, त्याच्या पुढचा कोणत्या नंबरात, हे त्याच्यात लिहून रायते. वीज गेली, लिहिता लिहिता पेन थांबला, कागद बिघडला. जमीन जाग्यावर आहे. हा प्रोग्राम पटवारी आहे, शेतकरी नाही. त्याले कागद जुळवाचा आहे. दोन जणांच्या नावावर एकच नंबर निघाला तर एकाचं नाव कापून कागद जुळते. तुझ्या पिकाशी त्याले काय घेणं?”

काकांच्या बोलण्यातला पटवारी काढून तांत्रिक भाषेत मांडलं तरी ते तितकंच खरं निघतं. फॅट पद्धतीत निर्देशिकेत फाइलचं नाव, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असतो. पुढचे क्रमांक फॅटच्या तक्त्यात साखळीसारखे ओवलेले. साखळी आहे पण तिच्याकडे बोट दाखवणारं नाव नाही, तर ती हरवलेली. दोन साखळ्या एकाच क्लस्टरवर येऊन मिळाल्या, तर दोन फाइली एकमेकींत गुंतलेल्या. तपासणारा प्रोग्राम साखळ्या, आकार, क्रमांक ताडून बघतो. आत कोश आहे की लग्नपत्रिका, हे त्याला दिसत नाही. तक्ता सुसंगत झाला की त्याचं काम संपतं. डिस्क सुधारणं आणि मजकूर वाचवणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं आधी केलं तर दुसऱ्याची वाट कधीकधी कायमची बुजते. हा फरक मला तोवर कोणी सांगितला नव्हता. संगणकाच्या क्लासात तर नाहीच. तिथे स्कॅनडिस्क महिन्यातून एकदा चालवा म्हणजे डिस्क निरोगी राहते, एवढंच शिकवायचे.

काकांनी मशीन बंद केलं आणि डिस्क काढून स्वतःच्या दुकानात नेली. तिथल्या मशीनवर लिनक्स होतं. पीसीक्वेस्ट मासिक दरवर्षी लिनक्सची सीडी वाटायचं, त्यातलीच एक. रिकामी 80 जीबीची डिस्क आणवली, ती लिनक्सच्या ईएक्सटी3 पद्धतीनं बांधून घेतली. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, आणि आम्हाला तर माझ्या आख्ख्या 20 जीबीच्या डिस्कचा उतारा एकाच फाइलमध्ये हवा होता. डीडी नावाची आज्ञा तो उतारा काढते: पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, चूक की बरोबर हे न बघता, आणि तसं सांगितलं तर वाचता न आलेल्या जागी शून्यं भरत. हे काम त्यांनी पहाटे चारला लावलं. त्या वेळी वीज सहसा जात नाही आणि नवतप्यात डिस्कला सोसेल अशी हवा तेवढीच, असं त्यांचं म्हणणं. कुलर मात्र बंद. ओली हवा त्यांना यंत्राजवळ चालायची नाही, बाजूला टेबलफॅन.

उताऱ्याची त्यांनी आणखी एक प्रत काढली. मूळ डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर तारीख घातली आणि माझ्या हातात दिली. “हे तुह्यापाशी. आता जे मराचं ते कागदावर मरंल.”

मग डॉसएफएससीके हा फॅट तपासणारा प्रोग्राम, आधी नुसतं बघण्यापुरता. फॅटच्या दोन प्रती डिस्कवर लागोपाठ असतात, ते मला तेव्हा कळलं. आमच्या दोन प्रती जुळत नव्हत्या, आणि प्रोग्रामनं प्रामाणिकपणे विचारलं: पहिली वापरू की दुसरी? माणसाला विचारून पुढे जाणारे प्रोग्राम मला तेव्हापासून आवडतात. काकांनी एका उताऱ्यावर पहिली निवडली, दुसऱ्यावर दुसरी. पहिल्यात ‘प’ ते ‘म’ च्या फाइली शाबूत आल्या आणि पुढच्या गायब. दुसऱ्यात ‘य’ ते ‘व’ मिळाल्या, पण ‘भ’ मध्ये कुणाच्या तरी प्रबंधाची संदर्भसूची घुसलेली. दोन्ही मिळून ‘प’ ते ‘व’ पूर्ण होत होतं. पहिल्याच दुपारी त्या निळ्या पडद्यावर ‘होय’ म्हटलं असतं, तर दोन प्रती एकसारख्या होऊन बसल्या असत्या.

‘श’ पासून पुढचं कशातच नव्हतं. नावं नसलेल्या तुकड्यांच्या फाइली तेवढ्या होत्या, ढीगभर, नुसते क्रमांक घातलेल्या. उघडल्या की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड, कारण आमचं मराठी तेव्हा युनिकोडमध्ये नव्हतं. फॉन्ट लावला तरच देवनागरी दिसायची, आणि हे तुकडे फॉन्टचं नाव हरवून बसलेले. मी खचले होते. काकांनी विचारलं, “तुह्या कोशात कोणता शब्द सारखा सारखा येते?” विचार करून मी म्हणाले, “स्त्री. म्हणजे स्त्रीलिंगाची खूण, प्रत्येक पानावर.”

“मंग टाइप कर ‘स्त्री.’ आणि फॉन्ट काढून पाह्य काय दिसते.”

जी काही तीनचार चिन्हं दिसली, ती त्यांनी कागदावर लिहून घेतली आणि ग्रेप नावाच्या शोधणाऱ्या आज्ञेला सांगितलं की अख्ख्या उताऱ्यात ही कुठे कुठे आहेत ते दाखव. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकायला लागली. संदर्भसूच्यांत ‘स्त्री.’ येत नाही, पत्रिकांत येत नाही. जिथे ती खूण दाट होती, तिथे आमचा कोश होता. असे तुकडे उचलून, फॉन्ट लावून, अकारविल्हे जोडायला मला पावसाळा अर्धा गेला. ‘ह’ मधली काही पानं मिळालीच नाहीत; तिथे शून्यं होती. गुरुजी पुन्हा साकोलीकडे जाऊन आले.

ही युक्ती, ही शिस्त कुठून आली, हे मी नंतर शोधत बसले. युनिक्सवर 1970 च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्कीनं एफएससीके हा डिस्क तपासणारा प्रोग्राम लिहिला. त्याआधी हेच काम वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रामांनी तुकड्यातुकड्यानं करावं लागायचं. बर्कलीच्या युनिक्ससाठी कर्क मक्क्युझिक यांनी तो पुढे नेला. पाच टप्पे: ब्लॉक आणि आकार, मग वाटा, मग जोडणी, मग दुव्यांची मोजदाद, शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. बेवारस फाइल सापडली की ती लॉस्ट अँड फाउंड नावाच्या निर्देशिकेत ठेवायची. जुन्या युनिक्समध्ये ही निर्देशिका आधीच बनवून तिच्यात जागा राखून ठेवावी लागायची. दप्तरच बिघडलेलं असताना नवी जागा वाटायला घेणं धोक्याचं, म्हणून. काकांच्या वहीतले ‘क्लिअर?’, ‘रिकनेक्ट?’, ‘अ‍ॅडजस्ट?’ हे त्या जुन्या प्रोग्रामाचेच प्रश्न. लिनक्सच्या बाजूला रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी. त्सो यांनी ईएक्सटी2 चा तपासनीस घडवला आणि दशकानुदशकं सांभाळला. ट्वीडींच्या जर्नलमुळे 2001 पासून ईएक्सटी3 आलं आणि वीज गेल्यावर आख्खी डिस्क चाळत बसायची पाळी टळू लागली, कारण काय लिहिणार ते आधी जर्नलमध्ये नोंदलं जातं. यातलं कोणी मला ओळखत नाही, आणि त्यांच्या लेखी झाडीबोली म्हणजे काही बाइट. काकांनी त्या मंडळींचे हात नागपूरपर्यंत आणून पोचवले, असं मी समजते.

शब्दसंग्रह छापून झाला तेव्हा प्रस्तावनेत गुरुजींनी माझे आभार मानले, चांगल्या दोन ओळी भरून. प्रूफ काकांकडे नेलं. मी म्हटलं, तुमचं नाव घालायला सांगते. त्यांनी चष्मा वर करून पान वाचलं, ‘भ’ चं पान काढायला लावलं, संदर्भसूची नीट गेली आहे ना बघितलं, आणि म्हणाले, “कायले? मी तर बिल घेतलं.” मी गुरुजींना सांगितलं नाही. त्या दोन ओळींतल्या किती माझ्या, हे मला ठाऊक आहे.

आता दुकानात तीन मुली कामाला आहेत. नवी आली की पहिल्या आठवड्यात मी तिच्यासमोर जुन्या पेनड्राइव्हचा उतारा काढते आणि त्या उताऱ्यावर तपासणी चालवून प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला लावते. प्रश्न वहीत. पटवाऱ्याची गोष्ट मी माझी म्हणून सांगत नाही, काकांच्या बोलीतच सांगते. मुली हसतात, आणि लक्षात ठेवतात.

काका मुलाकडे पुण्याला गेले. फोनवर आमचं भांडण होतं, बहुतेक डिस्कवरून. मागे मी सांगितलं की आता सगळीकडे एसएसडी आहेत. फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा जाते, आणि डिस्क ते ब्लॉक आतूनच रिकामे करून टाकते. मागाहून उतारा काढला तर बहुतेक शून्यंच हाती येतात, तिथे ग्रेप चालवून ‘स्त्री.’ सापडायची नाही. ते थोडं थांबले.

“म्हणजे पटवारी याच्या आधीच कोणी पीक कापून नेते म्हण,” ते म्हणाले, आणि लगेच विचारलं की हे ट्रिम बंद कुठून करायचं. मी आज्ञा सांगितली. लिहून घेताना त्यांनी प्रत्येक अक्षर मला दोनदा म्हणायला लावलं.