चहाआधीचा अर्धा तास

मागच्या हिवाळ्यात गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या सिग्नलला मी स्कूटरवर बसल्या बसल्या रडले. काही झालं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, इतकंच.

त्याआधी सहा-सात महिने हेच चाललं होतं. साधा बग शोधायला दिवस जायचा. मीटिंगमध्ये ऐनवेळी शब्द आठवायचा नाही. दहा तास झोपूनही उठवायचं नाही. रविवारी मैत्रिणी सोमेश्वरला बोलवायच्या, मी टाळायचे. आई म्हणायची, "नुसता आळस आहे." मलाही ते पटलं होतं.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच ३८. साधारण चारच्या आत हवा.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत होतो. थायरॉइड कमी पडला की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून आपण रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवतो, तसंच. थायरॉइडच्या कमतरतेमुळे मन बिघडलेल्या १४ रुग्णांबद्दल रिचर्ड ॲशर या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलंय. थायरॉइडचं औषध दिल्यावर त्यातले बरेच जण बरे झाले होते.

हा आजार अनेकदा घरातच असतो, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आईलाही लॅबमध्ये नेलं. तिचा टीएसएच १९ निघाला. रिपोर्ट हातात धरून ती बराच वेळ सोफ्यावर बसून होती. मग म्हणाली, "सासूबाई मला वीस वर्षं ऐदी म्हणायच्या." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मी तुला तेच म्हणत होते."

गोळीने सगळं गेलं नाही. फरक जाणवायलाच काही आठवडे लागले, समुपदेशन अजून चालू आहे. प्रत्येक उदासीचं कारण रिपोर्टमध्ये सापडत नाही, हेही कळलंय. पण स्वतःला आळशी ठरवण्याआधी एक रक्ततपासणी करता आली असती.

आता सकाळी आम्ही दोघी रिकाम्या पोटी गोळी घेतो. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासात आई तिच्या लग्नानंतरच्या वर्षांबद्दल बोलते. मी ऐकते.