जादू गेल्यानंतरचा गेड

अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही इंग्रजी कादंबरीमाला मी कॉलेजात असताना वाचली. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली. शेळ्या राखणारा गेड मोठा जादूगार होतो, होडीतून बेटामागून बेटं पालथी घालतो आणि तिसऱ्या पुस्तकात जग सावरताना आपली सगळी शक्ती खर्चून बसतो.

चौथं पुस्तक ‘तेहानू’ आलं १९९० साली. त्यात गोष्ट गेडची राहतच नाही. ती आहे तेनारची, एका शेतकऱ्याच्या विधवेची, आणि तिने सांभाळलेल्या भाजलेल्या पोरीची. त्या पोरीला तिच्याच माणसांनी आगीत टाकलेलं. गेड परततो तो आजारी, रिकाम्या हातांनी. राजाची माणसं शोधत आली तर लपून बसतो. मी तेव्हा चिडून पुस्तक मिटलं होतं. नायकाची ही दशा कशाला?

गेल्या वर्षी ते पुन्हा काढलं. माझे अब्बा एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. सुट्टीवर आले की आमच्या ओटीवर बसायला जागा उरत नसे. हृदयाच्या ऑपरेशननंतर नोकरी सुटली, कायमचे घरी आले. जहाजावरचे जुने सोबती भेटायला आले की आतूनच खुणावायचे, “झोपलेत म्हणून सांग.” मला राग यायचा. तेनारलाही गेडचा येतो.

ले ग्विन गेडला जादू परत देत नाहीत. तो पुन्हा शेळ्या राखतो. (शेवटी ड्रॅगन येऊन सगळ्यांची सुटका करतो, ते मला अजूनही पटलेलं नाही.) पण मी थांबले ते एका साध्या प्रसंगापाशी. तेनारचा मुलगा समुद्रावरून घरी येतो, जेवतो, पण ताट उचलायला तयार होत नाही. तेनारला वाटतं, हे आपणच शिकवायला चुकलो.

आमच्याकडे अब्बांचं ताट कायम अम्मीने उचललं. एकतीस वर्षं शेत, विहिरीचा पंप, आमच्या फिया, दादीचं आजारपण तिनेच पाहिलं. आणि मी मैत्रिणींना गोष्टी सांगायचे त्या मात्र अब्बांच्या बंदरांच्या.

काल फोन केला. अब्बा बांगडे आणायला बाजारात गेले होते. भाव न करता आणतात, ही अम्मीची तक्रार.