राजमा तोच, पण परतला कशात?

बेंगळुरूच्या इंदिरानगर-कोरमंगलात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आता मेक्सिकन जेवणाचे अप्रूप राहिलेले नाही. २०१० मध्ये टाको बेलने भारतातले पहिले दुकान याच शहरात उघडले. २०१२ मध्ये बर्ट म्युलर या अमेरिकन तरुणाने साथीदारांसह इथेच कॅलिफोर्निया बरिटो सुरू केले. शिवाय घराजवळची छोटी उपाहारगृहे आहेतच. मुले तिकडेच चला म्हणतात. पंचाईत होते ती गावाहून आलेल्या शाकाहारी सासूबाईंची.

अशाच एका घरी सोलापूरहून आलेल्या सासूबाईंनी मेनूकार्ड मिटून ठेवले. "मला नुसती कॉफी सांग गं. तुम्ही जेवा." पोरांचा हिरमोड नको म्हणून आईंनी उपाशी बसायचे, हे सुनेला पटेना. तिने वेटरला विचारले, "राजमा कशात परतता? भात कशात शिजवता?" नवरा कानकोंडा झाला. "इतकी काय उलटतपासणी!"

पण ती करायलाच हवी. मेक्सिकोत घोटलेला राजमा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. गव्हाच्या पोळीलाही तिचेच मोहन असते आणि लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजतो. मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, असे थोडेच आहे? चीजचेही तेच. दूध साकळण्यासाठी परदेशात काही चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट घालतात. म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा. इथे तेलच वापरत असतील, हे खरे. पण ज्याचा नेम आहे त्याने 'असतील'च्या भरवशावर का जेवावे?

वेटर आत जाऊन आला. राजमा तेलातला, भात पाण्यातला, पण पोळ्या गरम करायचा तवा सर्वांना एकच. "मग माझी पोळी राहू दे, वाडग्यातच दे," सासूबाई म्हणाल्या. सोबत ग्वाकामोले आले. "आई, हे बटर फ्रूट. इथे दूध-साखर घालून पितात." कांदा, कोथिंबीर, मिरची, लिंबू चाखून सासूबाई उद्गारल्या, "अगं, ही तर कोशिंबीर!"

शाकाहाऱ्यांसाठी म्हणून पनीर कोंबलेला टाको बहुतेक ठिकाणी पुढे करतात. त्याची गरजच काय? मेक्सिकोत डुक्कर आले ते सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. त्याआधी तिथे टर्की आणि शिकार होती. पण रोजचे पोट भरे ते मका, घेवडा, भोपळा नि मिरचीवर. आपल्याकडची मिरचीही मूळची तिकडचीच!

तिथली मक्याची पोळी आपल्या भाकरीची बहीण शोभेल. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, साले चोळून काढतात आणि पाट्यासारख्या दगडावर वाटतात. चुन्यामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला, चुना मात्र नेला नाही. परिणामी नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्राने गाठले.

आपल्याकडे बांधावर कुंपणाला असतो तो फड्या निवडुंगही मूळचा तिकडचा. काटे काढून त्याच्या कोवळ्या फड्यांची ते भाजी करतात. बेंगळुरूत कुठल्या मेनूकार्डावर ती दिसलीच, तर पनीरच्या आधी ती मागवावी.